नवी तबकडी, जुनी तबकडी आणि व्यापाऱ्याचा हिशेब

नवा माल बाजारात आला म्हणजे जुना माल आपोआप उठतो, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. ह्या समजुतीचा खरेखोटेपणा आम्हां धान्याच्या व्यापाऱ्यांना अनुभवाने पारखता येतो. १९६४ साली 'सीएसएच-१' ही संकरित ज्वारी आपल्या देशात आली. तिचा उतारा जुन्या वाणांहून पुष्कळच अधिक होता. तिच्यामागून आणखी कितीतरी संकरित वाणे आली. तथापि आजही भाकरीची पारख असलेली गृहिणी दुकानात आली म्हणजे प्रथम मालदांडीचीच चौकशी करते आणि तिच्यासाठी चार पैसे अधिक मोजते. ह्याच्या अगदी उलट गोष्ट मापांची झाली. शेर, पायली आणि मण ही पिढ्यान्‌पिढ्यांची मापे १९५६ च्या कायद्याने व १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आलेल्या दशमान पद्धतीने पेढीवरून अशी उठवली, की शेर म्हणजे किती, हे आजच्या मुलांस समजावून सांगावे लागते. म्हणजे नव्याने जुने कधी उठते, कधी उठत नाही. ते केव्हा उठते, कशामुळे उठते आणि कोणाच्या जोरावर उठते, ह्याचा विचार केल्यावाचून शहाण्या व्यापाऱ्याने वखार भरू नये.

हाच विचार एका निराळ्या वस्तूच्या संदर्भात येथे करावयाचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे घरबसल्या चित्रपट पाहण्याची तबकडी. सुमारे वीस वर्षांपूर्वी अधिक रेखीव चित्र देणारी नवी तबकडी जगाच्या बाजारात आली, तेव्हा ती जुन्या डीव्हीडीची जागा घेणार काय, असा प्रश्न जो तो विचारीत होता. त्या प्रश्नाचे उत्तर आता काळाने दिलेले आहे. मात्र ते उत्तर कोणत्याही पक्षाने अपेक्षिले होते तसे नाही. धान्याच्या व्यापाऱ्याने ह्या विषयात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. आपल्या सभासदांपैकी काहींची विद्युत् उपकरणांची दुकाने आहेत, त्यांच्या तर हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. परंतु ज्यांचा त्या धंद्याशी काडीचाही संबंध नाही, त्यांच्याही घरातील कपाटात लग्नामुंजीच्या चार-दोन तबकड्या पडलेल्या असतातच. तेव्हा हा विषय आपणां सर्वांचाच आहे.

तबकडीची वंशावळ

घरोघरी चित्रपट नेण्याचा पहिला मोठा उद्योग तबकडीने केला नाही, तो चुंबकीय फितीने केला. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बीटामॅक्स नावाची चित्रफीत आणली, आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी ह्या दुसऱ्या जपानी कंपनीने व्हीएचएस नावाची फीत आणली. दोहोंचे काम एकच, परंतु एकीची फीत दुसरीच्या यंत्रात बसत नसे. बीटामॅक्सचे चित्र किंचित सरस, असे जाणकार म्हणत. पण आरंभीच्या बीटामॅक्स फितीवर एकच तास चित्रण मावे, तर व्हीएचएसवर दोन तास मावे. शिवाय व्हीएचएसची यंत्रे अनेक कंपन्या बनवू लागल्या, त्यामुळे ती स्वस्त झाली आणि दुकानदार तिच्याच फिती अधिक ठेवू लागले. अखेरीस १९८८ साली खुद्द सोनीलाच व्हीएचएसची यंत्रे बनविण्यास प्रारंभ करावा लागला. मालाच्या प्रतीपेक्षा मालाची सोय आणि उपलब्धता अधिक भारी ठरते, हा ह्या व्यापारातील पहिला धडा होय.

१९८२ साली गाण्यांची कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिचा व्यास १२ सेंटिमीटर होता, आणि पुढे आलेल्या सर्व प्रमुख तबकड्यांनी हाच आकार राखला. ह्या आकारात चित्रपट बसविण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न म्हणजे १९९३ ची व्हिडिओ सीडी. आपल्याकडे ती व्हीसीडी ह्या नावाने घराघरांत शिरली. तिच्यावर सव्वा तासाच्या आसपास चित्रण मावत असे, म्हणून आपल्या तीन तासांच्या हिंदी चित्रपटास दोन-तीन तबकड्या लागत, आणि ऐन रंगात आलेला प्रसंग थांबवून घरातील कोणास तरी तबकडी बदलण्यासाठी उठावे लागे. तरीही ती स्वस्त होती, यंत्र स्वस्त होते, आणि मराठी नाटके, कीर्तने, गोव्याची तियात्रे ही सर्व तिच्यावर मिळत. अमेरिकेत ह्या तबकडीस फारसे कोणी विचारले नाही. आशिया खंडात मात्र तिने राज्य केले.

त्यानंतर आली डीव्हीडी. १९९६ च्या नोव्हेंबरात ती जपानात व १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत विक्रीस आली. तिच्या जन्मापूर्वीही दोन पक्ष पडले होते. एका बाजूस सोनी व फिलिप्स, तर दुसऱ्या बाजूस तोशिबा व तिचे सहकारी. पण १९९५ साली संगणक बनविणाऱ्या कंपन्यांनी दोन्ही पक्षांस निक्षून सांगितले, की आम्हांला दोन तबकड्या नकोत, एकच द्या. त्या दडपणामुळे समेट झाला व एकच वाण बाजारात आले. गिऱ्हाइकास कोणतीही धास्ती उरली नाही. फीत उलट गुंडाळण्याचा त्रास गेला, ती झिजण्याची भीती गेली, हवा तो प्रसंग बोटाच्या टोकावर आला, आणि एकाच तबकडीवर अनेक भाषा मिळू लागल्या. अशा रीतीने डीव्हीडीने चित्रफितीची जागा खरोखरच घेतली. व्हीएचएसची यंत्रे बनविणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये आपले उत्पादन थांबविले, आणि त्या अध्यायावर पडदा पडला.

बारीक लेखणीचे गुपित

अधिक रेखीव चित्र म्हणजे नेमके काय, हे सांगितल्यावाचून पुढील कथा कळणार नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरील चित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. आपल्याकडील डीव्हीडीच्या चित्रात आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे एकूण ४,१४,७२० ठिपके असतात. नव्या पद्धतीच्या पूर्ण चित्रात आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. हा बरोबर पाचपट हिशेब झाला. ठिपके पाचपट म्हणजे त्यांची नोंद ठेवण्यास जागाही कितीतरी अधिक हवी. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट एवढाच मजकूर मावतो, आणि तेवढ्यात हा पसारा मावणे कठीण.

तबकडी तेवढीच ठेवून जागा वाढवायची कशी? आपले मुनीम जुन्या वहीत जाड बोरूने लिहीत, तेव्हा पानावर वीस ओळी बसत. तेच पान बारीक टाकाने लिहिले तर चाळीस ओळी बसतात. तबकडीचेही तसेच आहे. तिच्यावर डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म खळगे चक्राकार ओळींत मांडलेले असतात व लेसर किरणाने ते वाचले जातात. किरणाची लहर जितकी आखूड, तितके खळगे लहान व ओळी जवळजवळ ठेवता येतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी ७८० नॅनोमीटर लहरीचा किरण वापरीत, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा, तर नव्या तबकडीसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दोन ओळींतील अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीचे ०.७४, आणि ब्लू-रे ह्या नव्या तबकडीचे ०.३२ मायक्रॉन. ब्लू-रे हे नाव ह्या निळ्या किरणावरूनच पडले.

हा निळा प्रकाश देणारा टिकाऊ स्फटिक अनेक वर्षे कोणास साधत नव्हता. जपानमधील निचिया ह्या कंपनीत काम करणारे शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली प्रखर निळा दिवा सिद्ध केला व पुढे त्याच पदार्थापासून लेसरही बनविला. निळ्या दिव्याच्या शोधाबद्दल त्यांस, इसामु आकासाकी व हिरोशी आमानो यांसह, २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या दुकानांत लागणारे पांढरे एलईडी दिवेही ह्याच शोधाचे अपत्य होत.

दोन पक्षांचा कलह

लेखणी बारीक झाली. आता वही कोणती, ह्यावरून पुन्हा तंटा सुरू झाला. २००२ च्या फेब्रुवारीत सोनी प्रभृती नऊ कंपन्यांनी ब्लू-रे तबकडीची घोषणा केली. तोशिबा व एनईसी यांनी त्याच वर्षी आपली निराळी योजना पुढे मांडली, व तीच पुढे एचडी डीव्हीडी ह्या नावाने प्रसिद्ध झाली.

दोहोंतील भेद व्यापारी दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. एचडी डीव्हीडीची घडण जुन्या डीव्हीडीसारखीच होती. मजकुराचा थर दोहोंत पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटर खोल. त्यामुळे जुन्याच कारखान्यांत थोडा फेरफार करून ती काढता येई व खर्च कमी पडे. तिच्या एका थरात १५ गिगाबाइट मजकूर मावे. ब्लू-रेमध्ये मजकूर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर, म्हणून तिला नवी यंत्रसामग्री हवी व ओरखड्यांपासून रक्षणासाठी कठीण लेपही हवा. परंतु एका थरात २५ गिगाबाइट मावत. एक स्वस्त व ओळखीची, दुसरी महाग पण ऐसपैस.

२००५ साली दोन्ही पक्षांत समेटाची बोलणी झाली, ती फिसकटली. १९९५ साली जे साधले ते ह्या वेळी साधले नाही. २००६ च्या एप्रिलमध्ये तोशिबाचे यंत्र अमेरिकेत ४९९ डॉलरला विक्रीस आले, आणि जूनमध्ये सॅमसंगचे ब्लू-रे यंत्र सुमारे १,००० डॉलरला आले. चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांचीही वाटणी झाली. सोनी, डिस्ने व फॉक्स ह्या ब्लू-रेच्या बाजूस, युनिव्हर्सल एचडी डीव्हीडीच्या बाजूस, आणि वॉर्नर दोन्ही दरडींवर पाय ठेवून उभी. म्हणजे गिऱ्हाइकाने एक यंत्र घ्यावे, तर अर्धे चित्रपट त्यास पाहता येऊ नयेत!

अशा वेळी गिऱ्हाईक काय करते, हे आपणांस सांगावयास नको. बाजारात भाव कोठे जाणार हे कळेनासे झाले म्हणजे किरकोळ दुकानदार आठवड्यापुरताच माल उचलतो. तद्वत् बहुसंख्य लोकांनी नव्यापैकी काहीच न घेता घरातील डीव्हीडीच चालू ठेवली. दोन नव्यांच्या भांडणात जुन्याचे आयुष्य वाढले.

निकाल कसा लागला

सोनीने एक युक्ती योजिली. २००६ च्या नोव्हेंबरात तिने प्लेस्टेशन ३ हे मुलांच्या खेळाचे यंत्र आणले, व त्यातच ब्लू-रे वाचण्याची सोय बसवून दिली. मुलाच्या हट्टासाठी जे यंत्र घरात आले, त्याने बापाच्या चित्रपटांचीही सोय झाली. प्रतिपक्षाकडे मायक्रोसॉफ्टचे खेळाचे यंत्र होते, पण त्यासाठी एचडी डीव्हीडीचा जोड वेगळा विकत घ्यावा लागे. पोत्याबरोबर आलेला जिन्नस आणि वेगळे पैसे मोजून घ्यावयाचा जिन्नस, ह्यांत गिऱ्हाईक कोणता स्वीकारते हे उघड आहे.

तोशिबानेही हार मानली नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंट ही मोठी चित्रपट कंपनी तिच्या बाजूस आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिचे यंत्र अमेरिकेतील वॉलमार्टच्या दुकानांत शंभर डॉलरांच्या आत विकले गेले. दीड वर्षात भाव पाचवा हिस्सा झाला! तोटा सोसून बाजार काबीज करण्याचा हा मार्ग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेला आहे, आणि त्याचा शेवट बहुधा कसा होतो हेही पाहिलेले आहे.

२००८ च्या जानेवारीच्या ४ तारखेस वॉर्नरने जाहीर केले, की ह्यापुढे आपण ब्लू-रेच काढणार. त्या एका वाक्याने पारडे फिरले. फेब्रुवारीत टपालाने तबकड्या भाड्याने देणारी नेटफ्लिक्स, बेस्ट बाय ही दुकानांची साखळी, आणि पाठोपाठ वॉलमार्ट, ह्या सर्वांनी ब्लू-रेची बाजू घेतली. १९ फेब्रुवारी रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीचा उद्योग आटोपत असल्याचे जाहीर केले. ह्या कलहाचा निकाल चित्राच्या सरसतेने लागला नाही, कारण पडद्यावर दोहोंचे चित्र सामान्य माणसास सारखेच दिसे. तो ज्यांच्या वखारीत माल होता त्या चित्रपट कंपन्यांनी आणि ज्यांच्या हाती गल्ला होता त्या दुकानदारांनी लावला. पुढे २००९ साली तोशिबाही ब्लू-रेच्या मंडळात दाखल झाली. एकवीस वर्षांपूर्वी सोनीने जे केले तेच तोशिबाने केले, आणि त्यात कमीपणा मानला नाही. व्यापारात हट्टापेक्षा हिशेब मोठा.

जुनी डीव्हीडी का उठली नाही

आता मूळ प्रश्न. प्रतिस्पर्धी नाहीसा झाल्यावर ब्लू-रेने डीव्हीडीला बाजारातून उठविले काय? नाही. ब्लू-रेचा खप झाला, चोखंदळ प्रेक्षकांनी ती आपलीशी केली, परंतु डीव्हीडी तिच्या शेजारीच विकली जात राहिली व आजही विकली जाते.

ह्याची कारणे साधी आहेत. चित्रफितीवरून डीव्हीडीवर येताना गिऱ्हाइकास अनेक सोयी एकदम मिळाल्या होत्या. डीव्हीडीवरून ब्लू-रेवर जाताना मिळाली ती केवळ चित्राची अधिक स्पष्टता. ही स्पष्टता दिसण्यासाठी मोठा व नवा दूरचित्रवाणी संच हवा. लहान संचावर दुरून पाहणाऱ्यास पाचपट ठिपक्यांचा उपयोग तो काय? शिवाय ब्लू-रेच्या यंत्रात जुनी डीव्हीडीही चालते. ही सोय गिऱ्हाइकास यंत्र घ्यावयास लावते खरी, पण तीच सोय त्यास जुन्या तबकड्या फेकण्यापासूनही परावृत्त करते. दशमान मापे आली तेव्हा जुने शेर वापरणे कायद्याने बंद झाले. तबकड्यांच्या बाबतीत असा कायदा करणारा कोणी नव्हता. म्हणून मालदांडी आणि संकरित ज्वारी जशी एकाच पेठेत नांदतात, तशा ह्या दोन तबकड्या नांदल्या.

आपल्या देशात तर ब्लू-रेस पाय रोवण्यास अवकाशच मिळाला नाही. २००७ च्या सुमारास मोझर बेअर ह्या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास प्रारंभ केला. चोरट्या तबकड्यांच्या भावाशी स्पर्धा करणारा अस्सल माल रस्त्यावरील दुकानांतून मिळू लागला. इतक्या स्वस्त मालापुढे कितीतरी महाग ब्लू-रे कोण घेणार? तथापि स्वस्ताईही त्या कंपनीस तारू शकली नाही. कारणे अनेक होती, आणि २०१८ साली तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला. त्या सुमारास गावोगावची कॅसेट आणि सीडीची दुकाने मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत रूपांतरित होऊन गेली होती.

तिसरा मार्ग

दोन कावळे घासासाठी भांडत असता तिसराच पक्षी घास उचलून नेतो, तसे येथे झाले. ज्या नेटफ्लिक्सने २००८ साली ब्लू-रेची बाजू घेतली, तिने त्याच्या आदल्या वर्षीच, २००७ च्या जानेवारीत, तबकडीवाचून थेट इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास सुरुवात केली होती. तबकड्यांचे सेनापती एकमेकांकडे पाहत होते, आणि घोडदळ मागील वाटेने गडावर चढत होते. २०१० च्या सप्टेंबरात अमेरिकेतील ब्लॉकबस्टर ही चित्रपट भाड्याने देणारी प्रचंड साखळी दिवाळखोरीत गेली. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले. त्यानंतर आपल्या घरांत तबकडीची आठवण कोणास राहिली? २०१६ साली चौपट ठिपक्यांची आणखी नवी ब्लू-रे आली. तीन वर्षांनी सॅमसंगने अमेरिकेसाठी नवी ब्लू-रे यंत्रे काढणे थांबविले. २०२३ च्या २९ सप्टेंबरला नेटफ्लिक्सने टपालाने शेवटची तबकडी पाठविली.

तारेवरून येणारे चित्र तबकडीहून सरस आहे म्हणून हे झाले, असे मात्र कोणी समजू नये. ब्लू-रे तबकडीवर चित्रासाठी सेकंदास ४० मेगाबिटांपर्यंत मजकूर असू शकतो. तेवढ्याच ठिपक्यांच्या चित्रासाठी नेटफ्लिक्स आपल्या गिऱ्हाइकास ५ मेगाबिटांचा वेग पुरेसा म्हणून सांगते. पोत्यावरील शिक्का एकच, आतील दाणा निराळा. परंतु गिऱ्हाइकाने ह्याही वेळी प्रतीपेक्षा सोयीसच पसंती दिली. बीटामॅक्सच्या काळी जे घडले तेच पुन्हा घडले.

मालकी आणि भाडे

येथवरची कथा बाजाराची झाली. आता व्यापाऱ्याच्या नजरेस विशेष खटकणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तबकडी विकत घेतली म्हणजे माल आपल्या ताब्यात आला. ती शेजाऱ्यास देता येते, मुलास ठेवता येते, पुन्हा विकता येते. इंटरनेटवरून 'विकत' घेतलेला चित्रपट मात्र विक्रेत्याच्याच वखारीत राहतो. आपल्याकडे असते ती केवळ आत येण्याची परवानगी. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची काही पुस्तके ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्यास विक्रीचा हक्क नव्हता, असे कारण दिले व पैसेही परत केले. पण रात्रीतून कोणी आपल्या वखारीत शिरून पोते उचलून नेले व जागी पैसे ठेवले, तर आपण त्यास काय म्हणू? २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनच्या ग्राहकांस कळविले, की त्यांनी पैसे देऊन घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम ह्यापुढे दिसणार नाहीत. ओरड झाल्यावर तो निर्णय मागे घेतला. शेवटी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला, की असा व्यवहार केवळ परवान्याचा असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. खरेदी आणि भाडे ह्यांतील भेद आपल्या पेढीवरील पोरासही कळतो. तो सांगण्यासाठी कायदा करावा लागावा, हे काळाचे लक्षण होय.

घरातील कपाट

चित्रपट गेला तर दुसरीकडे मिळेल. परंतु आपल्या घरातील चित्रण जगात दुसरीकडे कोठेही मिळणार नाही. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' हा १९३१ साली निघाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभात कंपनीने काढलेला 'अयोध्येचा राजा' मात्र टिकला, म्हणून आपण तो पाहू शकतो. नामांकित चित्रपटांची ही गत, मग आपल्या घरच्या तबकडीची चिंता कोणी करावयाची?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील हकीकत सांगतो. त्या घरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांस जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा आवाज एकाच ठिकाणी होता. थोरल्या मुलाच्या लग्नात त्यांनी मंडपात उभे राहून वधूवरांस चार शब्द सांगितले होते, त्या चित्रणात. नातीने एके दिवशी हट्ट धरला, की आजोबा कसे बोलत ते ऐकावयाचे. तबकडी कपाटात जपून ठेवलेली होती, पण ती लावावयास घरात यंत्र नव्हते. नव्या संगणकास तबकडीची खाचच नाही. अखेर गावातील एका दुरुस्तीवाल्याकडे जुना संगणक सापडला. तबकडी फिरली, वरात दिसली, पंगत दिसली, आणि आजोबा बोलावयास उभे राहिले तेथे चित्र थबकले. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट करून त्या भाषणातील काही मिनिटे सोडविली. त्या माउलीने, म्हणजे आजोबांच्या पत्नीने, ती मिनिटे पदराने डोळे पुशीत पुन्हा पुन्हा ऐकली. बाकीचे भाषण गेले ते गेले.

असे का होते, ते समजून घ्यावे. कारखान्यातून छापून आलेल्या तबकडीत खळगे साच्याने उमटविलेले असतात. लग्नाच्या छायाचित्रकाराने दिलेली तबकडी तशी नसते. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो व त्यावर लेसरने खुणा भाजलेल्या असतात. ऊन, उष्णता व दमट हवा ह्यांनी हे द्रव्य हळूहळू उतरते. आपल्याकडील कोकणपट्टी, गोवे व घाटमाथा येथील पावसाळा तिला मुळीच मानवत नाही. आणि तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. कोठारात दाणा शाबूत आहे, पण कुलपाची किल्ली बनविणारा लोहारच गाव सोडून गेला, अशी ही स्थिती आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने घरी चित्रण उतरविण्याच्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादनही बंद केले, ह्यावरून काळाचा ओघ ध्यानात यावा.

म्हणून व्यवहारी सूचना अशी, की घरातील सर्व चित्रफिती व तबकड्या एकदा बाहेर काढून त्यांची यादी करावी. जी चित्रणे अन्यत्र नाहीत, ती प्रथम हाती घ्यावी. जाणत्या माणसाकडून ती संगणकाच्या साठवण-पेटीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, उतरवून घ्यावी. एकच प्रत करून थांबू नये. एक घरी, दुसरी मुलीच्या किंवा भावाच्या गावी ठेवावी, म्हणजे आग वा पूर यांपासून एक तरी वाचेल. चित्रणात कोण आहेत, कोठले आहेत, प्रसंग कोणता व साल कोणते, हे कागदावर लिहून ठेवावे, कारण नावे सांगणारी माणसे चित्रणापेक्षाही लवकर जातात. आणि दर चार-पाच वर्षांनी, धान्याची थप्पी हलवून पाहतो तशी, ही साठवण उघडून पाहावी व नव्या साधनावर उतरवावी. इंटरनेटवर प्रत ठेवावयास हरकत नाही, पण ती परक्याच्या वखारीतील थप्पी आहे, हे विसरू नये.

असो. नवी तबकडी जुनीस उठविणार काय, हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची तबकडीही गेली आणि प्रश्नही गेला. बाजाराने दिलेला बोध असा, की सरस माल सोयीवाचून चालत नाही, सोय पुरवठादारावाचून चालत नाही, आणि खरा प्रतिस्पर्धी बहुधा समोरच्या दुकानात नसून दुसऱ्याच रस्त्यावर असतो. आपल्या धंद्यात ह्या बोधाचा उपयोग ज्याने त्याने आपापल्या परीने करावा. घरच्या कपाटाचे काम मात्र परिस्थितीवर सोडण्याजोगे नाही. दिवाळीस आपण पेढीची आवराआवर करतो, शिल्लक मोजतो, नव्या वह्या घालतो. त्या वेळी ह्या तबकड्यांचाही एक दिवस काढावा, आणि घरातील वडील मंडळी जवळ बसवून, हा कोण, ती कोण, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे.